अनेश्काच्या नावाने

(चेक साहित्यातील ज्यू आणि ज्यूद्वेष या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळी रेडिओ लावला की कार्यक्रम सुरू होण्याआधी आकाशवाणीची जी धून वाजायची, ती आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या कानात असेल. मागे तंबोरा आणि वर व्हायोलिन. ती धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन हे बोहेमियातल्या कार्ल्सबाद गावी जन्मलेले ज्यू संगीतकार. १९३४ साली ते प्रागहून मुंबईला आले. आदल्या वर्षी हिटलर जर्मनीत सत्तेवर आला होता आणि ज्यू माणसाला पायाखालची जमीन सरकताना दिसू लागली होती. कॉफमन यांचा बोहेमिया आणि त्याला लागून असलेला मोराविया म्हणजे आजचे चेक प्रजासत्ताक. त्या देशाच्या साहित्याबद्दल मी आज बोलणार आहे.

विषय कळल्यावर आपल्यातल्याच एकीने मला विचारले, 'आपल्या बायकांना काय त्याचे? इथे पोटगीच्या तारखा संपत नाहीत.' तिचा प्रश्न रास्त आहे. शिवाय ज्यू म्हटले की आपल्याला आठवतात ते कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत. आपल्यात राहिले, मराठी बोलले. युरोपातला ज्यूद्वेष आपल्याला पुस्तकातूनच समजून घ्यावा लागतो.

तरीही हा विषय मी घेतला, कारण त्याच्या मध्यभागी एका १९ वर्षांच्या मुलीचा खून आहे. ती शिवणकाम करून पोट भरत होती. तिच्या नावाने एक देश पेटला. पण ती कोण होती, तिचे काय झाले, हे विचारायला फारसे कोणी थांबले नाही. हे आपल्या कामापासून दूरचे वाटते का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात बोहेमिया आणि मोराविया ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. कचेरीची आणि प्रतिष्ठेची भाषा जर्मन होती, तर चेक ही खेड्यातली, घरातली भाषा होती. चेक लोकांची राष्ट्रीय चळवळ उभी राहिली ती भाषेच्या आधाराने, त्यामुळे लेखक-कवी हेच तिचे पुढारी झाले. या दोघांच्या मध्ये सापडले ज्यू. बरेचसे ज्यू शाळेत जर्मन शिकलेले होते. म्हणून चेक राष्ट्रवादी त्यांना जर्मनांचे हस्तक म्हणत आणि जर्मन राष्ट्रवादी त्यांना ज्यूच म्हणत.

१८४६ साली झिगफ्रीड काप्पर या ज्यू तरुणाने चेक भाषेत कवितांचा संग्रह काढला. मीही याच मातीचा आहे, असे त्याला सांगायचे होते. त्यावर कारेल हावलीचेक या त्या काळच्या नामवंत पत्रकाराने लिहिले की ज्यू हा चेक होऊच शकत नाही, त्याने आपले जर्मनमध्ये लिहावे. हावलीचेक काही प्रतिगामी नव्हता. राजसत्तेविरुद्ध लिहिले म्हणून पुढे त्याला हद्दपारी भोगावी लागली. यान नेरूदा हा चेक गद्याचा मोठा लेखक. प्रागच्या गल्लीबोळातल्या गरीब माणसांवर त्याने मायेने लिहिले. त्याच नेरूदाने १८६९ मध्ये ज्यूंवर विखारी लेख लिहिला. ज्यू हे परके राष्ट्र आहे आणि चेकांनी त्यांच्यापासून मुक्त व्हावे, असा त्याचा सूर होता. स्वातंत्र्याची भाषा बोलणारा माणूस दुसऱ्याला दारातच अडवतो, तेव्हा त्याला त्यात विसंगती दिसत नाही. चळवळीत काम करणाऱ्या बायकांनी हा अनुभव घेतलेला आहे.

याच काळात ज्यूंचे रोजचे जगणेही चेक भाषेत येऊ लागले. व्होइत्येख राकौस हा चपलांचा व्यापार करणारा लेखक. त्याने खेड्यातल्या गरीब ज्यू कुटुंबांच्या गोष्टी लिहिल्या. त्याचे मोद्खे आणि रेझी हे जोडपे चेक वाचकांच्या घरोघरी पोचले. फेरीवाला भोळा नवरा आणि तिखट जिभेची, संसार ओढून नेणारी बायको. या गोष्टी वाचताना लक्षात येते की धर्म म्हणजे नुसता ग्रंथ आणि रब्बी नव्हे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घर झाडून, रांधून, दिवे लावून शब्बाथ घरात आणायचा, ते काम बाईचे. आठवडाभर उधारीवर जगणाऱ्या घरातही ते व्हायचेच. पुढे यिर्झी लांगर या प्रागच्या तरुणाने याच धर्माची दुसरी बाजू दाखवली. सुधारलेल्या घरातला हा मुलगा १९१३ साली उठून गालिशियातल्या हसिदी पंथाच्या ज्यूंकडे गेला आणि लांब काळा अंगरखा घालून परतला. घरच्यांना त्याची लाज वाटली. त्याचे 'नऊ दरवाजे' हे १९३७ मधले पुस्तक त्या भाविक लोकांच्या कथा सांगते. काल्पनिक राक्षसाऐवजी खरी माणसे दाखवणारे हे साहित्य होते. पण राक्षसाची गोष्ट अधिक वेगाने पसरत होती.

आता अनेश्काकडे येऊ.

अनेश्का ह्रूझोवा ही मोरावियाच्या सीमेजवळच्या एका खेड्यातली मुलगी. जवळच्या पोल्ना गावात ती रोज शिवणकामाला चालत जाई. २९ मार्च १८९९ रोजी संध्याकाळी ती कामावरून निघाली आणि घरी पोचली नाही. १ एप्रिलला जंगलात तिचे प्रेत सापडले, गळा चिरलेला होता. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता आणि ज्यूंचा पेसाख सणही त्याच दिवसांत होता. युरोपात मध्ययुगापासून एक अफवा चालत आली होती, की ज्यू आपल्या सणासाठी ख्रिस्ती माणसाचे रक्त काढतात. वास्तविक ज्यू धर्मात रक्त खाणे निषिद्ध आहे, मांससुद्धा मिठाने रक्त काढून टाकून शिजवतात. पण अफवेला धर्मशास्त्र लागत नाही. जागेवर रक्त कमी दिसले, एवढे निमित्त पुरले.

लेओपोल्ड हिल्सनर हा २२ वर्षांचा, धड कामधंदा नसलेला गरीब ज्यू तरुण पकडला गेला. बऱ्याच लांबून पाहिल्याच्या साक्षी आल्या. सप्टेंबर १८९९ मध्ये कुटना होराच्या न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा दिली. अनेश्काच्या आईच्या वतीने कारेल बाक्सा हा राष्ट्रवादी वकील उभा राहिला. त्याने खटला रक्तविधीच्या दिशेला ओढला. या गृहस्थांचे पुढे काही बिघडले नाही, १९१९ साली ते प्रागचे महापौर झाले.

इथे साहित्याचा संबंध येतो. खटल्याच्या आसपास वर्तमानपत्रांचे रकाने, पत्रके, जत्रेत विकली जाणारी रडवी गाणी, चित्रांची पोस्टकार्डे यांचा सुकाळ झाला. शाळेत शिकवले जाणारे साहित्य ते नव्हे, पण लोक वाचत होते ते हेच. त्यात अनेश्का म्हणजे पवित्र कुमारी, राष्ट्राची लेक, बळी. ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घाला, अशी हाक आधीपासून होतीच, तिला आता एका मुलीचा चेहरा मिळाला. ती काय शिवत होती, तिला मजुरी किती मिळे, त्या वाटेवर तिला कोणाची भीती वाटे का, घरात काय चालले होते, हे प्रश्न मागे पडले. उत्तर आधीच ठरले होते, मग तपास कशाला करायचा?

एक माणूस मात्र उभा राहिला. तोमाश मासारिक हे प्रागच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी खटल्याची कागदपत्रे वाचली आणि १८९९ च्या अखेरीस पुस्तिका काढून फेरतपासणीची मागणी केली. त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्याविरुद्ध निदर्शने केली आणि त्यांची व्याख्याने बंद पडली. पुढे १९१८ साली हेच मासारिक चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. कारेल चापेक या लेखकाने त्यांच्याशी केलेल्या संवादांची पुस्तके प्रसिद्ध आहेत. त्यात मासारिक सांगतात की लहानपणी त्यांनाही ज्यूंच्या रक्ताच्या गोष्टी ऐकवल्या गेल्या होत्या आणि ते ज्यूंना घाबरत. मग शाळेच्या सहलीत बाकीची मुले खेळत असताना बाजूला जाऊन एकटा प्रार्थना करणारा ज्यू वर्गमित्र त्यांनी पाहिला आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. द्वेष आईच्या मांडीवर गोष्टींतून शिकवला जातो, हे त्यात आहे. गोष्टी सांगणाऱ्या बऱ्याचदा आपण बायकाच असतो, हेही विसरू नये.

१९०० मध्ये फेरखटला झाला. मारी क्लीमोवा नावाच्या आणखी एका मुलीचा खूनही हिल्सनरवर लादला गेला आणि पुन्हा फाशी सुनावली. सम्राटाने तिची जन्मठेप केली. १९१८ मध्ये तो सुटला आणि १९२८ साली व्हिएन्नात वारला. अनेश्काचा खरा खुनी कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही. म्हणजे तिला न्याय मिळालाच नाही, आणि तिच्या नावाने एका निरपराध माणसाची १९ वर्षे गेली.

दुसरी स्त्री मिलेना येसेन्स्का. काफ्काच्या पत्रांमुळे ती जगाला माहीत झाली. 'काफ्काची प्रेयसी' एवढीच तिची ओळख करून देतात. १८९६ साली प्रागमध्ये जन्मलेली मिलेना ज्यू नव्हती. तिचे वडील नावाजलेले दंतवैद्य आणि कडवे चेक राष्ट्रवादी. मुलगी अर्न्स्ट पोलाक या ज्यू माणसाच्या प्रेमात पडली, तेव्हा त्यांनी १९१७ मध्ये तिला मनोरुग्णालयात टाकले. तिथे तिला कित्येक महिने काढावे लागले. बाहेर आल्यावर तिने पोलाकशीच लग्न केले. मुलीने आपल्या मर्जीने, परक्या समाजात लग्न करायचे म्हटले की ती वेडी ठरते. आपल्या सल्ला केंद्रात बसणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

मिलेनाने काफ्काची कथा जर्मनमधून चेकमध्ये आणली, ती १९२० साली छापून आली. त्या वर्षी काफ्काने तिला लिहिलेल्या पत्रांत हिल्सनरचाही उल्लेख येतो. वीस वर्षांनंतरही ते भूत गेले नव्हते, ज्यू पुरुष आणि ख्रिस्ती स्त्री यांच्या मध्ये येऊन बसत होते. मिलेना वर्तमानपत्रांत आधी फॅशन आणि घर यांवर, म्हणजे बायकांच्या पानावर लिहीत असे. १९३७ पासून ती एका राजकीय साप्ताहिकात निर्वासितांवर, ज्यूंवर, सीमाभागातल्या दहशतीवर लिहू लागली. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, तेव्हा तिने माणसांना सीमेपार पोचवायला मदत केली. काफ्काची पत्रे तिने विली हास या ज्यू समीक्षकाकडे सोपवली. हास पुढे जीव वाचवून भारतात आले आणि मुंबईत सिनेमाच्या कथा लिहीत राहिले. पत्रे त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. मिलेनाला मात्र १९३९ च्या नोव्हेंबरात अटक झाली आणि १७ मे १९४४ रोजी रावेन्सब्रुक या स्त्रियांच्या छळछावणीत ती वारली. १९९४ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्यांमध्ये तिचे नाव नोंदवले.

महायुद्धात बोहेमिया आणि मोरावियातले सुमारे ७८ हजार ज्यू मारले गेले. प्रागमधल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर त्यांची नावे लिहिलेली आहेत. 'आम्ही पाच जण होतो' ही मुलांची खळाळती कादंबरी कारेल पोलाचेकने ज्यूंच्या लिखाणावर बंदी असताना लिहिली. १९४५ च्या जानेवारीत तो छावणीत मेला आणि पुस्तक १९४६ मध्ये आले. यिर्झी वाइल आत्महत्येचे नाटक करून लपला, म्हणून वाचला. 'ताऱ्यासोबत आयुष्य' ही त्याची १९४९ ची कादंबरी कपड्यावर पिवळा तारा लावून जगणाऱ्या एका साध्या कारकुनाची आहे. त्यात वीरश्री नाही, म्हणून नव्या समाजवादी समीक्षकांना ती पटली नाही आणि वाइलला लेखक संघातून काढण्यात आले.

पुढच्या काळात या विषयावर उत्तम कादंबऱ्या आल्या आणि त्यांच्या नायिका स्त्रिया होत्या. यान ओत्चेनाशेकच्या १९५८ च्या कादंबरीत प्रागमधला एक मुलगा एस्टर या ज्यू मुलीला शिंपीकामाच्या दुकानाशेजारच्या खोलीत लपवतो. आर्नोश्त लुस्टिग स्वतः छावण्यांतून वाचलेला लेखक. त्याची दिता साक्सोवा छावणीतून परत आलेली १८ वर्षांची मुलगी आहे, तर कातेर्झिना होरोवित्सोवा गॅसच्या दाराशी नाझी अधिकाऱ्यावर गोळी झाडते. आउशविट्समध्ये १९४३ साली घडलेल्या एका घटनेचा तिला आधार आहे. ही पुस्तके आपण जरूर वाचावीत. पण एक गोष्ट नोंदवते. या तिघी तरुण आहेत, सुंदर आहेत आणि तिघी मरतात. द्वेष्ट्यांनी अनेश्काला बळी केले होते. या लेखकांचा हेतू नेमका उलटा, पण त्यांच्याही लेखणीखाली स्त्री बळीच राहते. वाचलेली, चिडलेली, भाडे थकलेली, पोर सांभाळणारी बाई कुठे आहे?

ती भेटते हेडा मार्गोलियस-कोव्हाली यांच्या आठवणींत. हेडा प्रागच्या ज्यू कुटुंबातल्या. लोड्झची कोंडवस्ती, मग आउशविट्स. आईवडील तिथेच मारले गेले. १९४५ च्या सुरुवातीला कैद्यांचा जथा चालवत नेत असताना त्या निसटल्या आणि प्रागला पोचल्या. जुन्या ओळखीच्या माणसांची दारे त्यांनी ठोठावली. काहींनी उघडली, पुष्कळांनी नाही. हे लिहिताना त्या कोणाला राक्षस ठरवत नाहीत. घाबरलेला माणूस कसा बोलतो, नजर कुठे वळवतो, ते सांगतात.

पुढचे अधिक भयंकर आहे. त्यांचे पती रुडॉल्फ मार्गोलियस हेही छावणीतून वाचलेले. असे पुन्हा घडू नये म्हणून ते कम्युनिस्ट झाले आणि विदेश व्यापार खात्याचे उपमंत्री झाले. जानेवारी १९५२ मध्ये त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात रुडॉल्फ स्लान्स्की यांच्यासह १४ जणांवर खटला चालला. त्यातले ११ ज्यू वंशाचे होते आणि आरोपपत्रात तसे मुद्दाम लिहिले होते. आता रक्ताऐवजी 'झिओनवादी कारस्थान' हा शब्द आला. पाठ करून घेतलेले कबुलीजबाब रेडिओवरून घरोघर ऐकवले. ३ डिसेंबरला ११ जणांना फाशी दिली, त्यांत मार्गोलियस होते. हेडांच्या पदरी चार-पाच वर्षांचा मुलगा होता. नोकरी गेली, घर गेले, रस्त्यात माणसे तोंड फिरवू लागली. ज्या पक्षाने समतेचे वचन दिले होते, त्याच्याच राज्यात हे घडले. आपल्यातल्या डाव्या मैत्रिणींनी या पानांवरून घाईने पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

१९६३ मध्ये सरकारने मार्गोलियस निर्दोष असल्याचे मान्य केले आणि हेडांना नुकसानभरपाईसाठी यादी द्यायला सांगितले. साहेबांना अपेक्षा असणार खुर्च्या-टेबलांची. हेडांनी यादीत आधी लिहिले, मुलाचा बाप गेला, नवरा गेला, अब्रू गेली, आरोग्य गेले, काम गेले, न्यायावरचा विश्वास गेला. सामानसुमान सगळ्यात शेवटी. अर्ज भरताना बाईच्या नुकसानीला रकाना नसतो, हे आपण रोज पाहतो. हेडांनी रकाना स्वतः आखला. १९६८ मध्ये त्यांनी देश सोडला. त्यांचे पुस्तक चेकमध्ये १९७३ साली टोरांटोत छापले गेले, झ्देना सालिव्हारोवा या लेखिकेने आपल्या नवऱ्यासोबत चालवलेल्या प्रकाशनगृहातून. हेडा १९९६ मध्ये प्रागला परतल्या आणि २०१० मध्ये वारल्या.

एक अलीकडचे पुस्तक सांगते. राद्का देनेमार्कोवा यांची 'हिटलरचे पैसे' ही २००६ ची कादंबरी. गिता ही जर्मन बोलणाऱ्या ज्यू घरातली मुलगी १९४५ साली छावणीतून आपल्या खेड्यात परतते. घरात दुसरेच राहत आहेत. नाझींनी तिला ज्यू म्हणून नेले होते. आता गावकरी तिला जर्मन म्हणून हाकलतात. साठ वर्षांनी म्हातारी गिता पुन्हा गावात येते. तिला घर नको असते, बापाची बदनामी पुसून हवी असते. द्वेषाच्या तळाशी किती वेळा सातबारा असतो, हे या लेखिकेने नेमके पकडले आहे. चेक वाचकांना ते झोंबले, पण पुढच्या वर्षी त्यांच्याच एका प्रतिष्ठेच्या साहित्य पुरस्काराने तिचा गौरव झाला.

मैत्रिणींनो, काप्परपासून गितापर्यंत दीडशेहून अधिक वर्षे झाली. या प्रवासातून मी स्वतःसाठी दोन गोष्टी घेतल्या आहेत.

एक, कुठल्याही मुलीवर अत्याचार झाला आणि आरोपी कोणत्या समाजाचा आहे हे तिच्या नावाच्या आधी कानावर आले, तर तिथे थांबायचे. मोर्चाच्या पुढे कोण आहे, त्यांनी याआधी किती बायकांसाठी मोर्चे काढले, हे विचारायचे. आरोपीला सोडा असे मी म्हणत नाही. तपास करा, पुरावा मागा, आणि तो त्या मुलीसाठी मागा. खोटा आरोपी सापडला की खरा मोकळा सुटतो, हे अनेश्काने शिकवले आहे.

दोन, आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईची हकिकत तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायची. तिला देवी करायचे नाही की बळी करायचे नाही. हेडांनी लिहिले म्हणून त्या खटल्याची दुसरी बाजू उरली. अनेश्काला ती संधीच मिळाली नाही. तिच्यावर इतके लिहिले गेले, पण ती रोज कोणाचे कपडे शिवायला इतकी पायपीट करत होती, हे त्या गाण्यांत कुठेच नाही. आपल्या वह्यांमध्ये निदान तेवढे तरी असू द्या.